दोन कानांची बशी

मुलगी परदेशातून येते तेव्हा तिच्या बॅगेत माझ्यासाठी नेहमी उपयोगाच्या वस्तू असतात. गुडघ्याला बांधायचा पट्टा, रक्तदाब मोजायचं यंत्र, बाटलीचं घट्ट झाकण उघडायचा कसलासा चिमटा. मी म्हातारी होत चालले आहे हे ती मला तोंडानं सांगत नाही, सामानातून सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात मात्र तिनं टॉवेलात गुंडाळलेलं एक मातीचं भांडं काढलं आणि "हे नुसतं बघायला हं," असं बजावून जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

भांडं उथळ होतं. तोंड वितीपेक्षा रुंद, खाली बारीक मान, गोल पाय आणि दोन्ही बाजूंना एकेक कान. सगळं काळं कुळकुळीत, आणि त्या काळ्यात विटकरी रंगाची माणसं. जुन्या ग्रीक लोकांचा दारू प्यायचा प्याला म्हणे. अर्थात खरा नव्हे. खरा तिकडे कुठल्याशा वस्तुसंग्रहालयात काचेआड आहे, ही त्याच्या दुकानात मिळणारी नक्कल.

मी तीस वर्षं, आधी रहिमतपूरला आणि मग सांगलीत, शाळेत चित्रकला शिकवली. फुलदाणी आणि दोन लिंबं यापलीकडे कुणाला फारसं काही शिकवलं असेल असं वाटत नाही, पण नजर राहिली. ज्यानं हा प्याला पहिल्यांदा रंगवला त्यानं माणसं रंगवलीच नव्हती. त्यांच्या कडेकडेनं काळा रंग भरत नेला होता आणि माणसं मातीच्या रंगाची तशीच सोडून दिली होती. मग बारीक रेघांनी डोळे, बोटं, कपड्यांच्या चुण्या. नक्कल करणाऱ्याचा हात एका ठिकाणी हलला होता, तेही मला लगेच दिसलं आणि मी बोललेही. मुलगी म्हणाली, "आई, तुला काहीही दिलं तरी तू आधी चूक शोधतेस." खरं आहे. वह्या तपासून लागलेली खोड आहे ती.

प्याल्याच्या बाहेरच्या अंगाला द्राक्षांचा वेल धरून त्यांचा दारूचा देव बसला होता आणि त्याच्याभोवती घोड्याच्या शेपट्या असलेले पुरुष नाचत होते. आतल्या बाजूला तळाशी एक वर्तुळ होतं. त्यात एक बाई खुर्चीवर बसलेली, मांडीवर मूल. मुलाचं अंग आपल्या मुलांसारखं, गुबगुबीत पाय, पण डोकं वासराचं. कान आडवे, नाकपुड्या ओल्या वाटाव्यात अशा. बाईचा एक हात त्याच्या पाठीमागं होता आणि दुसऱ्या हातानं तिनं त्याचा दंड धरला होता.

"कोण गं ही?" मी विचारलं.

"एक राणी. देवाचा कोप झाला म्हणून तिला असं मूल झालं. मोठी गोष्ट आहे, नंतर सांगते," ती म्हणाली आणि बॅगेत डोकं घातलं.

तेवढ्यात माझा मुलगा उठून बाहेर आला. हा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणजे तेव्हा चौतिशीचा. वजन ऐंशी किलोच्या पुढं, उजवा हात जन्मापासून अधू, आणि बोलायला मोजके चाळीसेक शब्द. ते चाळीस शब्द तो नीट वापरतो, चारशे शब्दवाल्यांपेक्षा नीट. त्याच्या शाळेसाठी आम्ही सांगलीत आलो. शाळा अठराव्या वर्षी संपली, त्याचे वडील सहा वर्षांपूर्वी गेले आणि आम्ही दोघं इथंच राहिलो. त्याची अंघोळ, दाढी, जेवण, औषधं, असं सगळं माझ्याकडे. मी दमले होते. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली. तोंडानं तर अजून कुणापुढं म्हटलेलं नाही.

चहा तो बशीतून पितो, जसे त्याचे आजोबा प्यायचे, फुरका मारून. एका हातानं बशी सावरत नाही आणि महिन्याला दोन फुटतात. टेबलावरचं भांडं त्यानं पाहिलं आणि त्याच्या लेखी प्रश्नच उरला नाही. एवढी मोठी बशी, तीही दोन कानांची. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चहा."

मुलगी नको नको म्हणत राहिली. मग तिनं बरोबरचा कागद वाचला; खाण्यापिण्याला चालेल असं त्यावर लिहिलेलं होतं, त्यामुळं तिचाही नाइलाज झाला. मी चहा ओतला. बाई बुडाली, मूल बुडालं. त्यानं डाव्या हातानं एक कान घट्ट धरला, अधू हात दुसऱ्या कानात अडकवला, आणि एक थेंब न सांडता तो पिऊ लागला. चहा कमी होत गेला तशी तळाची दोघं वर आली. तो प्यायचा थांबला, बघत राहिला आणि खुदकन हसला.

"बाळ आलं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून रोजचं हेच. चहा ओतला की "बाळ बुडालं", संपला की "बाळ आलं". बाळ बाहेर काढायचं म्हणून तो दिवसात चारदा चहा मागायला लागला. मी निम्मं पाणी घालून द्यायची.

मुलगी तीन आठवड्यांच्या रजेवर आली होती आणि ती प्याला द्यायला आलेली नव्हती, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. साताऱ्याबाहेर एक निवासी संस्था आहे, याच्यासारख्या मोठ्या मुलांची. तिनं सगळी चौकशी तिकडूनच करून ठेवली होती. "आई, तू अडुसष्ट वर्षांची आहेस. तुझ्यानंतर काय, हे तू असतानाच ठरायला नको का?" ती म्हणाली. ती चुकीचं काही बोलत नव्हती, म्हणूनच मला राग आला. आम्ही तिघं जाऊन आलो. स्वच्छ जागा, अंगण, एका खोलीत चार खाटा, सकाळी कवायत, नंतर बागेत काम. मला नाव ठेवायला काही सापडेना. जागा पावसाळ्यात होणार होती. मी अर्जावर सही केली आणि बस इस्लामपूर ओलांडेपर्यंत मुलीशी बोलले नाही. ती परत गेली.

मग बेंदूर आला. आमच्याकडे बेंदराला मातीच्या बैलांची जोडी आणून पूजा करतात. शेत नसलं तरी करतात. वीस वर्षं आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्यांच्या गल्लीतल्या कुंभाराकडून जोडी आणतात. त्या वर्षी त्यांना उशीर झाला आणि त्या एकच बैल घेऊन आल्या.

"बैल संपलं, बाई. ह्यो एकच ऱ्हायलाता," त्या म्हणाल्या.

"मग यंदा एकाचीच पूजा," मी म्हणाले. पुरण शिजवून माझी कंबर गेली होती.

"एकाची कवा करत्यात व्हय? जोडी पायजे. दुसरा हाय की घरात."

त्यांनी फडताळातून ती दोन कानांची बशी काढली, पाटावर बैलाशेजारी ठेवली आणि वाकून आत बघितलं. रोज घासत होत्याच, पण हळदकुंकवाच्या नजरेनं पहिल्यांदाच बघत असाव्यात. आधी त्यांनी त्या राणीच्या कपाळाला बोट लावलं. "आई हाय ती, तिला आदी," त्या म्हणाल्या. मग वासराच्या डोक्याला हळद, कुंकू, अक्षता. बाहेरच्या नाचऱ्यांकडे बघून "ही तमाशातली दिसत्यात, ह्यास्नी नगं," म्हणाल्या. आणि पुरणपोळीचा तुकडा मोडून त्या मुलाच्या तोंडाशी ठेवला. माझा मुलगा टाळ्या वाजवत होता. एक हात अधू असला की टाळीचा आवाज होत नाही, पण तो वाजवतो.

संध्याकाळी मुलीला व्हिडिओ कॉलवर मी ही सगळी गंमत सांगितली. बऱ्याच दिवसांनी मी स्वतःहून हसत होते. ती हसली नाही.

"आई, तुम्ही त्याला नैवेद्य दाखवलात?"

"का? काय झालं?"

मग तिनं ती मोठी गोष्ट सांगितली. हे मूल वाढायला लागलं तसा राजाला त्याचा संकोच वाटू लागला. त्यानं एका कारागिराकडून इतक्या खोल्यांची आणि वाटांची एक इमारत बांधून घेतली की आत गेलेल्याला बाहेर पडता येऊ नये. त्यात त्याला ठेवलं. तो माणसं खातो असं म्हणत. पुढं दुसऱ्या देशाचा एक राजपुत्र तलवार घेऊन आत शिरला.

"आणि?"

"मारलं त्यानं. खरं तर ती त्या राजपुत्राची गोष्ट आहे, आई. हे बाळ त्यातला राक्षस."

"आणि आई? ती कुठं होती?"

"आईचं पुढं फारसं काही येत नाही," ती म्हणाली.

मला संताप आला. एवढ्या वीरांच्या, देवांच्या गोष्टी लिहून ठेवल्या आणि बाई मुलाला भेटायला तरी गेली की नाही, हे लिहायला कुणाला वेळ झाला नाही. मी म्हणाले, "मग मला देण्यासाठी तुला दुकानात हेच मिळालं? माझ्या मुलाला वासराचं डोकं आहे असं वाटतं तुला?"

"मला वासरू दिसलंच नव्हतं गं आधी," ती म्हणाली. "लांबून नुसती आई दिसली. तू दादाला धरून बसायचीस ना, दवाखान्यात, तशी बसलीय ती. पैसे देऊन झाल्यावर मी खाली लिहिलेलं वाचलं."

मी फोन ठेवला. साताऱ्याला दुसऱ्या दिवशी कळवून टाकलं की आम्हाला जागा नको.

पंधरा दिवस मी मोठ्या तोऱ्यात होते. त्याला हळदीच्या बाजाराकडून नदीच्या घाटावर फिरायला नेलं, त्याच्या आवडीची धिरडी केली. मग एका सकाळी न्हाणीघरात तो घसरला. लागलं कुठं नाही, तो नुसता फरशीवर बसला. पण तो बसला की त्याला उठवणं माझ्या हातात राहिलेलं नव्हतं. मी काखेत हात घालून ओढलं, टॉवेल कमरेला बांधून ओढलं, शेवटी मीही भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसले. त्याला खेळ वाटला. तो माझ्यावर तांब्यानं पाणी ओतत राहिला. मावशी नऊला येतात. तोवर आम्ही तसेच बसलो होतो.

बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली आणि ती जाईना. आज तो खाली बसला होता. उद्या मी पडले आणि उठलेच नाही, तर तो असाच माझ्या शेजारी बसून पाणी ओतत राहील. मावशींची त्या दिवशी सुट्टी असली तर किती वेळ, ते मला मोजता येईना.

मावशींनी आम्हा दोघांना उठवलं. मला बघून म्हणाल्या, "बाई, हट्ट किती करायचा मानसानं." मी कपडे बदलले आणि साताऱ्याला फोन केला. जागा अजून होती.

ऑगस्टात त्याला नेऊन पोचवलं. बरोबर आणायच्या सामानाच्या यादीत फुटणारी वस्तू नको असं लिहिलेलं होतं, म्हणून बशी घरीच ठेवली. खरं सांगायचं तर ती नाही म्हटल्यावर तो चहा घेणार नाही, अडून बसेल, आणि मग मला त्याला परत आणावंच लागेल, असा एक चोरटा हिशेब माझ्या मनात होता. त्यांनी त्याला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. त्यानं तो संपवला, आत डोकावून बघितलं, आत काहीच नव्हतं, आणि पेला परत केला. त्याची तक्रार नव्हती. पहिला महिना भेटायला येऊ नका, मुलं लवकर रुळतात, असं तिथल्या बाईंनी मला नीट समजावलं. मी मान डोलावली आणि बसमध्ये येऊन बसले.

घरी आले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. आई म्हणवणाऱ्या बाईनं हे कबूल करू नये, पण मला सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखं वाटतंय म्हणून स्वतःची शिसारी आली. दोन्ही एकाच वेळी होतं, त्यातलं एकही खोटं नव्हतं. चहा मी त्या बशीतून प्यायला लागले. कुणी "बाळ आलं" म्हणायला नव्हतं. त्या बाईचं तोंड मी आता रोज बघत होते आणि मला त्यात माया दिसेना, दुःखही दिसेना. ती नुसती दमलेली दिसत होती. रंगवणाऱ्यानं एवढं बरोबर काढलं होतं.

महिना झाल्यावर गेले. पिशवीत धिरडी होती आणि मनात भाषणं तयार होती. तो रडला तर काय म्हणायचं, चिडला तर काय, घरी चल म्हणाला तर काय. तो अंगणात बाकावर बसला होता. मला बघून उठला, धिरड्यांची पिशवी घेतली, आणि मला शेजारी बसायला जागा दिली. वजन थोडं उतरलं होतं. रंग उन्हानं रापला होता. रडला नाही.

तिथल्या मुलांकडे लक्ष द्यायला एक निवृत्त फौजी आहेत. ते येऊन उभे राहिले.

"तब्येत एकदम ओके हाय बघा, बाई. आवं, शर्टाची बटनं सोता लावतोय आता. टाइम लय घेतोय, पन लावतोय."

मी मुलाच्या शर्टाकडे बघितलं. पाचही बटणं लागलेली होती, जागच्या जागी.

"घरी लावत न्हवता व्हय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, साधी चौकशी होती.

"मी लावायचे."

"शिकवून बघितलं न्हाई कवा?"

मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. पेन्सिल कशी धरायची, रंग किती ओला ठेवायचा, रेघ मनगटातून नव्हे तर खांद्यातून कशी काढायची. याच्या अधू हातात बटण नव्हतं दिलं.

"नाही," मी म्हणाले. "सकाळी घाई असायची."

आपल्याविषयी बोलणं चाललंय हे त्याला कळलं. त्यानं धिरडी बाजूला ठेवली, डाव्या हातानं एकेक करून सगळी बटणं काढली आणि मला दाखवायला म्हणून पुन्हा लावायला सुरुवात केली. अधू हाताच्या दोन बोटांत तो काजं धरत होता आणि डाव्या हातानं बटण आत ढकलत होता. ते निसटत होतं. पुन्हा धरत होता. माझे हात आपोआप पुढं गेले, तेव्हा त्यानं मान न उचलता म्हटलं, "नको."

मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. तिसरं बटण त्यानं चौथ्या काजात घातलं, ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं सगळी काढून पहिल्यापासून सुरू केलं. फौजी म्हणाले, "बाई, साडेचारची गाडी चुकंल तुमची." मी म्हणाले, चुकू द्या. त्याचं दुसरं बटण चाललं होतं.